परम ८०००

परम ८००० : पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) बांधलेला आणि १९९१ मध्ये देशापुढे आलेला भारतीय महासंगणक. एक मोठे गणित अनेक प्रोसेसरांत वाटून ते एकाच वेळी सोडवायचे, या समांतर संगणनाच्या तत्त्वावर तो उभा होता. २५६ प्रोसेसरांच्या पूर्ण रचनेत त्याचा कमाल वेग १ गिगाफ्लॉप, म्हणजे दशांश अपूर्णांकांवरील सेकंदाला सुमारे १ अब्ज क्रिया इतका होता.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात संशोधनासाठी संगणक बांधण्याची परंपरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून सुरू होते. तेथे आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला संगणक १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. निर्वात नलिकांवर चालणाऱ्या या यंत्राच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा कितीतरी वेगवान संगणक आला आणि देशातील इतर संशोधन संस्था व विद्यापीठेही त्यावर आपली गणिते सोडवून घेऊ लागली.

१९८० च्या दशकात चित्र पालटले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता; अमेरिकेने परवानगी नाकारली. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीला क्रे एक्स-एमपी १४ मिळाला, तोही वापरावरील अटींसह. असे यंत्र देशातच बांधायचे ठरले. १९८८ मध्ये सी-डॅकचे काम पुण्यात सुरू झाले. संस्थेची धुरा विजय भटकर यांच्याकडे आली. ते मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे. महासंगणक तयार करण्यासाठी ३ वर्षांची मुदत होती आणि ती पाळली गेली. त्याच सुमारास बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘अनुपम’ ही समांतर यंत्रेही तयार झाली.

रचना : क्रेच्या यंत्रांत मोजके पण अतिशय वेगवान आणि महागडे प्रोसेसर असत. परमने वेगळी वाट धरली. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर वापरले होते. ही चिप खुल्या बाजारात मिळत असे. प्रत्येक ट्रान्सप्युटरमध्ये आकडेमोडीचा विभाग आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी ४ जोडण्या एकाच चिपवर होत्या. सर्वांना सामाईक अशी स्मृती नव्हती. ज्याची त्याची स्मृती स्वतंत्र असे आणि लागेल ती माहिती संदेशाद्वारे मागवावी लागे. आज्ञावली लिहिण्यासाठी सी-डॅकने ‘पारस’ ही प्रणालीही विकसित केली.

गणिताची मांडणी : या रचनेत गणित कसे वाटले जाई, हे सारण्यांच्या गुणाकारावरून स्पष्ट होते. १,०२४ ओळी आणि तितकेच स्तंभ असलेल्या दोन सारण्यांचा गुणाकार नेहमीच्या रीतीने करायचा तर सुमारे २१५ कोटी क्रिया लागतात. सेकंदाला सुमारे ४० लाख क्रिया करणारा एकटा ट्रान्सप्युटर त्यासाठी कमाल वेगानेही जवळपास ९ मिनिटे घेईल. २५६ ट्रान्सप्युटर १६ × १६ अशा चौकटीत मांडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६४ × ६४ चा एक तुकडा येतो. प्रत्येकाच्या ४ जोडण्या चार दिशांच्या शेजाऱ्यांकडे जातात आणि तुकडे त्यांवरून फिरत राहतात. देवाणघेवाणीचा वेळ सोडला तर तेच काम सुमारे २ सेकंदांवर येते.

प्रत्यक्षात ही देवाणघेवाण आणि गणिताचा वाटून न देता येणारा भाग याच गोष्टी कळीच्या ठरतात. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, एखाद्या गणिताचा केवळ ५ टक्के भाग वाटून देता येत नसेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी वेग २० पटींच्या पुढे जात नाही. २५६ प्रोसेसरांवर तो १८.६ पटींपर्यंतच पोहोचतो. म्हणून परमवर काम करणाऱ्यांना जुनी सूत्रे जशीच्या तशी चालवून भागत नव्हते. रेषीय समीकरणांचे संच, फूरिये रूपांतर, आंशिक विकलक समीकरणे यांची उकल तुकड्यांत बसेल अशा रीतीने नव्याने मांडावी लागली. हवामानाची प्रतिकृती, द्रवगतिकी, इमारती व यंत्रभागांवरील ताण, रेणूंची रचना आणि तेलाच्या शोधासाठी भूकंपीय नोंदींचे विश्लेषण ही परमची मुख्य कामे याच गणितावर आधारलेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप सोसलेल्या लातूर-धाराशिव भागासाठी यांतले शेवटचे काम परके नाही. तेलाच्या शोधात वापरले जाणारे तरंग समीकरण आणि भूकंपाच्या लहरी जमिनीतून कशा जातात हे सांगणारे समीकरण यांचा पाया एकच आहे.

पुढील पिढ्या : परम ८००० मॉस्कोच्या एका संस्थेतही बसवला गेला. त्यानंतर इंटेलच्या आय-८६० प्रोसेसरची जोड दिलेला परम ८६००, १९९४ च्या सुमारास परम ९००० आणि १९९८ मध्ये १०० गिगाफ्लॉपचा परम १०००० आला. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरातील सी-डॅकच्या राष्ट्रीय सुविधेत तो विद्यापीठांतील संशोधकांसाठी खुला होता. १ टेराफ्लॉपचा परम पद्म जून २००३ च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत १७१ व्या स्थानी होता. राष्ट्रीय महासंगणन अभियानातून पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म उभा राहिला, तर सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतील तीन यंत्रांचे लोकार्पण झाले. त्यांतील एक पुणे जिल्ह्यातील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीसाठी आहे.

मराठवाड्याच्या संदर्भात : परम ८००० तयार झाला तेव्हा नांदेड आणि लातूरची महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाचे औरंगाबाद) मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न होती. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यात गणितीय शास्त्रे आणि संगणकीय शास्त्रे अशी दोन स्वतंत्र संकुले आहेत आणि लातूरला उपकेंद्र आहे. गणित आणि संगणन यांचा जो मेळ पुण्यात परमसाठी घालावा लागला, तो शिकण्याची सोय त्यामुळे याच भागात झाली.

मूल्यमापन : परम ८००० चा १ गिगाफ्लॉपचा वेग आज विद्यार्थ्याच्या साध्या लॅपटॉपनेही कितीतरी पटींनी मागे टाकला आहे. त्या लॅपटॉपमध्येही आता अनेक गाभे समांतर चालतात, आणि गणिताची योग्य वाटणी केली नाही तर त्यांतले बहुतेक रिकामे राहतात. यंत्र नाकारले गेले असताना देशी संशोधकांनी ही वाटणी स्वतः शिकून घेतली आणि पुढच्या पिढ्यांना दिली, हे परम ८००० चे खरे कार्य होय. ते ज्ञान मिळवण्यासाठी आज महासंगणकाची गरज नाही. नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही महाविद्यालयातील प्रयोगशाळेत त्याची सुरुवात करता येते.