गाणं कुणाचं?

रेडिओवर जुनं चित्रपटगीत लागलं की आपण पटकन म्हणतो, 'हे लताबाईंचं.' घरात कुणी जाणकार असेल तर तो सांगतो, 'मदनमोहनचं.' गीतकाराचं नाव क्वचित निघतं. निर्मात्याचं तर जवळजवळ नाहीच. गंमत अशी, की १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपल्या बहुतेक चित्रपटगीतांचा मालक हा कुणालाच न आठवणारा निर्माता होता. करारात वेगळं काही लिहून घेतलं नसेल, तर पैसे देऊन करवून घेतलेलं गाणं पैसे देणाऱ्याचं. आणि वेगळं लिहून घेण्याची ताकद किती गीतकारांमध्ये होती? हा हिशेब कायद्याच्या पुस्तकात नव्हता.

गायकाची गोष्ट तर आणखी निराळी. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातलं ते गूढ गाणं गाजलं तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलेलं होतं. कामिनी म्हणजे मधुबालानं केलेली भूमिका! गाणारा गळा कुणाचा, हे सांगायची गरज कंपनीला वाटली नव्हती. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली आणि लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. नावाचा हक्क श्रोत्यांनी मिळवून दिला, असं म्हटलं तर ते फार चूक ठरणार नाही.

पण नाव घेण्यावरूनच पुढे मोठा वाद झाला. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीतावर जीव असलेले. चित्रपटसंगीतानं लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीनं चित्रपटगीतांची वेळ कमी केली, शिवाय गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं बंद केलं. गायकाचं नाव सांगू, चित्रपटाचं सांगितलं तर ती जाहिरात होते, असा युक्तिवाद होता. निर्माते चिडले. गाणी आमच्या मालकीची आहेत, असं म्हणून त्यांनी प्रसारणाची परवानगीच काढून घेतली. कॉपीराइट नावाची वस्तू सर्वसामान्य माणसाला तेव्हा प्रथमच जाणवली असेल, ती घरातल्या रेडिओवरून गाणी नाहीशी झाल्यामुळे.

लोकांनी मात्र रेडिओ बंद केला नाही, फक्त काटा फिरवला. डिसेंबर १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. मंत्र्यांना जे नको होतं, ते समुद्रापलीकडून येत राहिलं. अखेर ऑक्टोबर १९५७मध्ये विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर पुन्हा मानाची जागा मिळाली. केसकरांची शास्त्रीय संगीताची सेवा खरी होती. अखिल भारतीय कार्यक्रमातून मोठमोठे गवई घरोघरी पोचले, हे विसरून चालणार नाही. पण आवड फर्मान काढून घडवता येते, हा त्यांचा समज लोकांनी खोटा ठरवला.

साठच्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं. त्याची चर्चा पानाच्या ठेल्यापासून दिवाणखान्यापर्यंत झाली, पण बहुधा स्वभावाच्या अंगानं. एवढे पैसे मिळतात, आणखी कशाला हवेत, हेही बोललं गेलं. खरा मुद्दा रॉयल्टीचा होता. रेकॉर्ड विकली जाईल तोवर गायकाला वाटा मिळावा, असं लताबाईंचं म्हणणं. गाण्याचे पैसे घेतले, तिथं आपला संबंध संपला, असं रफीसाहेबांचं. माणूस म्हणून रफींची निरिच्छता कुणालाही आवडेल. पण कामानंतर हाती काहीच न उरणाऱ्या छोट्या गायकाच्या जागी उभं राहून पाहिलं, तर बाजू लताबाईंचीच बळकट होती. त्या अबोल्याच्या काळात रफींबरोबर सुमन कल्याणपूर यांची कितीतरी सुरेल द्वंद्वगीतं आली, हा श्रोत्यांचा फायदा. १९६७च्या सुमारास दोघं पुन्हा एकत्र गाऊ लागले. हक्काचा प्रश्न मात्र होता तिथंच राहिला.

आणीबाणीत हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला. सरकारच्या प्रचाराला किशोरकुमार यांनी सहकार्य केलं नाही, मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना भेटायलाही नकार दिला. ४ मे १९७६पासून त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंद झाली. शहा आयोगानं पुढे या प्रकरणाची चौकशी केली. यातली विसंगती पाहा. कायद्याच्या दृष्टीनं त्या गाण्यांवर किशोरकुमार यांचा काडीचा हक्क नव्हता. तरी शिक्षा करायची वेळ आली तेव्हा सरकारलाही ती गाणी किशोरचीच वाटली! ज्यांनी ती लिहिली, ज्यांनी चाली लावल्या, तेही त्या बंदीत विनाकारण गप्प झाले.

मार्च १९७७मध्ये देश लोकसभा निवडणुकीत गुंतलेला असताना सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. गीतकार-संगीतकारांची संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, एका बाजूला आणि चित्रपट निर्माते दुसऱ्या बाजूला. कॉपीराइट मंडळाकडे संस्था जिंकली होती, कलकत्ता उच्च न्यायालयात हरली आणि दिल्लीतही हरली. निर्माताच मालक ठरला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर निकालाशी सहमत होते, पण त्यांनी स्वतंत्र टिपण जोडलं. आपला कायदा कागदावर लिहिलेल्या स्वररचनेलाच संगीत मानतो आणि गाणाऱ्याच्या गळ्याला त्यात जागाच नाही, ही गोष्ट भारतीय संगीताला धरून नाही, याचा विचार संसदेनं करावा, असा त्यांचा आशय होता.

संसदेनं सावकाश विचार केला. १९९४च्या दुरुस्तीनं स्वरलेखनाची अट गेली आणि कलावंताला प्रयोगापुरते काही हक्क मिळाले. मोठा बदल व्हायला मे २०१२ उजाडला. राज्यसभेचे नियुक्त सदस्य झालेले जावेद अख्तर त्यासाठी अनेक दिवस झगडत होते. आता चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं, तर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीत समान वाटा मिळतो आणि तो हक्क कुठल्याही निर्मात्याला लिहून देता येत नाही. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि त्यासाठी २०१३मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्याला मात्र कायद्यानं सूट दिलेली आहे, तेव्हा बँडवाल्यांनी निश्चिंत असावं.

राजकीय पक्षांच्या मिरवणुकीला तशी सूट नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये 'केजीएफ २' चित्रपटाचं संगीत भारत जोडो यात्रेच्या चित्रफितीत वापरल्याच्या तक्रारीवरून बंगळूरच्या न्यायालयानं काँग्रेसची ट्विटर खाती तात्पुरती रोखण्याचा आदेश दिला. संबंधित मजकूर काढण्याच्या अटीवर उच्च न्यायालयानं तो रद्द केला. बातमीत पक्षाचं नाव होतं, चित्रपटाचं होतं, तक्रार करणाऱ्या संगीत कंपनीचंही होतं. गाणं कुणी लिहिलं, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.