कडेवर कोरलेलं नाव

कोकणात किंवा साताऱ्याकडे फिरताना एखाद्या गावात भिंतीत बसवलेली जुनी दगडी पाटी तुमच्या नजरेला पडली असेल. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. आकडे दोन, नाव एकही नाही.

ही माणसं गेली कुठं? त्यांतली बरीच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. १९१४ च्या नोव्हेंबरात सहावी पुणे डिव्हिजन तिथं उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींत मराठ्यांच्या बरोबरीनं दखनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. पाऊस दगा देणाऱ्या मुलखात तेवढ्यावर घर चाले.

समोर तुर्कस्तानची फौज होती आणि तिथला सुलतान हा मुसलमानांचा खलिफा. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्यानं जिहाद पुकारला. एकीकडे खाल्ल्या मिठाची शपथ, दुसरीकडे खुतब्यात ज्याचं नाव घेतलं जाई त्याच्यावर रोखलेली बंदूक. त्या दखनी शिपायाच्या मनात काय चाललं असेल, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही लिहून ठेवलं नाही. मलाही हा प्रश्न सोडवत नाही.

७ डिसेंबर १९१५ पासून कुट-अल-अमारा इथं ही फौज वेढ्यात अडकली. धान्य संपत आलं, घोडे कापले जाऊ लागले. हिंदी शिपायांनी बराच काळ ते मांस शिवलं नाही. धर्ममार्तंडांची परवानगी मागवावी लागली. तोवर स्कर्व्हीनं अनेकांना ग्रासलं होतं. विमानांतून पिठाची पोती टाकली गेली, पण ती पुरणार कशी? २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. पुढे वाळवंटातून पायी मजला, आणि मग बगदाद रेल्वेच्या कामावर मजुरी. कित्येक वाटेतच गेले.

जे घरी परतले त्यांची गाठ १९१८ चा दुष्काळ आणि मानमोडीच्या तापाने उजाड झालेल्या गावांशी पडली. युद्धात वाचलेल्याला घरी माणसंच उरली नाहीत, असंही घडलं असेल.

बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ते १९२९ मध्ये उभं राहिलं. गोऱ्या शिपायांची नावं तिथं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या लिहिली. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं आणि माफी मागितली. एवढ्याला जवळपास शतक लागलं.

म्हणजे गावातल्या पाटीवर आकडा आणि बसऱ्यातही आकडाच. मग नाव कुठं आहे? युद्धानंतर वाटलेल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर ते आहे. शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण, बारीक अक्षरांत. अडीनडीला असली पदकं सोनाराकडे गेली, वितळलीही. तुमच्या घरच्या जुन्या पेटीत एखादं उरलं असेल, तर राजाचा मुखडा नंतर बघा. आधी ते उभं धरून त्याची कड वाचा, आणि ते नाव एकदा मोठ्यानं उच्चारा.