आकाशातली तार

शुभेच्छेची तार पाठवायची तर पूर्वी अख्खं वाक्य लिहावं लागत नसे. पोस्टात एक छापील यादी असायची, प्रत्येक शुभेच्छेपुढे नंबर. आपण फॉर्मवर पत्ता आणि नंबर लिहायचा, वायरवरून नंबरच जायचा, आणि पलीकडच्या पोस्टातला माणूस त्या नंबराचं पूर्ण वाक्य करून पोचवायचा. आमच्या उंब्रजला लग्नसराईत मांडवात अशा तारा वाचून दाखवत. पाचसहा जणांची वाक्यं शब्दन् शब्द सारखी निघायची आणि तरी वधूपिता प्रत्येक वेळी तितक्याच समाधानानं मान हलवायचा. नंबर निवडणाऱ्यानं आपली आठवण काढली, तेवढं पुरे होतं.

जुलै २०१३ मध्ये तार खातं कायमचं मिटलं. पण मंडळी, ही नंबरांची युक्ती मेलेली नाही. आज अरबी समुद्रावरून जाणारं विमान मुंबईच्या कंट्रोलरशी ह्याच पद्धतीनं बोलतं. ह्याला म्हणतात सीपीडीएलसी, म्हणजे कंट्रोलर पायलट डेटा लिंक कम्युनिकेशन्स. वाक्यांचा साठा आधीच ठरलेला असतो, वाक्याला नंबर असतो. कंट्रोलरकडून वर जाणाऱ्यांचा संच वेगळा, वैमानिकाकडून खाली येणाऱ्यांचा वेगळा. वर जाणारा २० नंबर म्हणजे 'अमुक उंचीवर चढा आणि तिथे राहा'. खाली येणारा ० नंबर म्हणजे 'विल्को', आपल्या भाषेत 'समजलं, तसंच करतो'. १ म्हणजे 'जमणार नाही', २ म्हणजे 'जरा थांबा'. यादीत न बसणारं काही असेल तर मोकळा मजकूर टाइप करायची सोय आहे, पण ती जपून वापरावी अशी अपेक्षा.

मला हे सगळं कळलं ते माझ्या आतेभावामुळे. आम्ही त्याला दादा म्हणतो. मुंबईला एचएफ रेडिओवर त्याची अर्धी नोकरी गेली. तो ट्रॅफिक कंट्रोलच्या खात्यात लागला हे गावात कळलं तेव्हा बऱ्याच जणांनी त्याला एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीत बसवून टाकलं होतं, आणि तो कोणत्या डेपोला आहे म्हणून चौकशी केली होती! असो.

जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तेव्हा त्या पुस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेला. नकाशावर मुंबई-बेल्लारी सरळ रेघ ओढली तर ती सातारा-सांगलीच्या पूर्व अंगावरून जाते. म्हणजे आमच्या भागावरून टपाल गेलं ते कुणाशीही न बोलता, खालच्या नद्या, रेल्वेचे रूळ आणि डोंगर बघत.

पुढे रेडिओ आला आणि विमानवाहतूक पुरती आवाजावर चालू लागली. मला ह्यात नेहमी एक गंमत वाटते. रेल्वेनं आवाजावर कधीच पुरता विश्वास ठेवला नाही. आमच्याजवळचं स्टेशन मसूर. एकेरी लाइन होती तेव्हा पुढच्या टप्प्याचा टोकन हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. तोंडी 'जा' म्हणून चालत नसे, वस्तू हातात हवी. चाळीस मैलांच्या वेगाच्या गाडीला ही शिस्त, आणि पाचशे मैलांच्या वेगानं जाणाऱ्या विमानाला मात्र खरखरत्या आवाजातलं एक वाक्य. अर्थात विमानाच्या हातात टोकन देणार तरी कसा? दुसरा उपायच नव्हता.

जमिनीवर व्हीएचएफ रेडिओ असतो, तो स्वच्छ असतो, पण त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे विमान किनाऱ्यापासून दोनअडीचशे मैल गेलं की संपलं. मग एचएफ. ह्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून हजारो मैल जातात. पण तो थर सूर्याच्या मर्जीवर. दिवसाची फ्रिक्वेन्सी रात्री चालत नाही, सूर्यावर वादळ झालं तर कुठलीच चालत नाही, आणि पावसाळ्यात विजांचा कडकडाट वेगळा. दादा म्हणायचा, कढईत भजी सोडल्यासारखा आवाज रात्रभर कानात, आणि त्या भज्यांत कुठेतरी एक माणूस आपली उंची सांगतोय. हा आवाज सतत ऐकून वैमानिक वेडे होऊ नयेत म्हणून सेलकॉल नावाची सोय आहे. प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा संकेत, जमिनीवरून ठरावीक सूर सोडले की त्याच विमानात घंटी वाजते.

शिवाय कंट्रोलर स्वतः एचएफवर बोलत नसे. वैमानिक बोलणार, रेडिओवाला ऐकून टाइप करणार, ते कंट्रोलरकडे जाणार, त्याचं उत्तर पुन्हा रेडिओवाल्याकडे, आणि तो ते भज्यांच्या कढईत ओरडून सांगणार. मग वैमानिकानं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. एवढ्यात वादळाचा ढग समोर आला असेल तर विमान काय करणार? रडार समुद्रावर पोचत नाही, आवाज असा. म्हणून एकाच उंचीवरच्या दोन विमानांत दहा मिनिटांचं, म्हणजे जवळजवळ ऐंशी सागरी मैलांचं अंतर ठेवत. इथून कोल्हापूरच्या पुष्कळ पलीकडे जाईल एवढं! अंतर हेच अज्ञानाचं माप होतं.

आवाजाची मर्यादा जगाला भीषणपणे कळली ती २७ मार्च १९७७ ला, टेनेरिफला. धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो जेट. एक उड्डाणासाठी धावतंय, दुसरं अजून धावपट्टीवरच आहे. टॉवर 'थांबा' म्हणाला आणि नेमकं त्याच क्षणी दुसरं विमान 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' म्हणालं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की दोघांचीही वाक्यं शिट्टीत बुडतात. कॉकपिटमध्ये पोचली ती शिट्टी. ५८३ माणसं गेली.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अमेरिकेत एकार्स नावाची यंत्रणा सुरू झाली, पण ती सुरक्षेसाठी नव्हे. विमान कितीला निघालं, कितीला उडालं, कितीला टेकलं ह्या वेळा कंपनीला आपोआप कळवाव्यात, एवढाच हिशेबी हेतू. पगाराच्या हिशेबासाठी टाकलेल्या ह्या पाइपातूनच पुढे विमानांचे प्राण सांभाळणारे निरोप जाऊ लागले. १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनं भविष्यातल्या पद्धतींचा विचार करायला फॅन्स नावाची समिती नेमली, आणि १९९५ मध्ये दक्षिण पॅसिफिकवर बोइंग ७४७-४०० विमानांनी उपग्रहामार्गे कंट्रोलरशी मजकुरातून बोलायला सुरुवात केली. पॅसिफिकच का? कारण सगळ्यात जास्त पाणी आणि सगळ्यात वाईट एचएफ तिथेच. नंतर चेन्नई, कोलकाता, मुंबई ह्या आपल्या केंद्रांकडेही ती आली.

मुंबईच्या हद्दीत शिरण्याआधी वैमानिक 'व्हीएबीएफ' ही चार अक्षरं टाकून लॉग-ऑन करतो. जमिनीवरचा संगणक विमानाचं नाव आणि नोंदणी आपल्याकडच्या फ्लाइट प्लॅनशी ताडून बघतो. जुळलं तर जोडणी. एका वेळी विमानाला हुकूम देण्याचा अधिकार एकाच केंद्राला, तोही पुढच्या केंद्राकडे रीतसर सोपवायचा. निरोप आला की कॉकपिटमध्ये घंटी वाजते, मजकूर पडद्यावर दिसतो, दोघंही वैमानिक तो आपापल्या डोळ्यांनी वाचतात आणि मग बटण दाबतात. परत म्हणून दाखवणं नाही. सोबतीला विमान ठरावीक वेळानं आपली जागा आपणहून कळवत राहतं. ह्या दोन्हींच्या जोरावर ऐंशी मैलांचं अंतर पन्नासावर आणता येतं. चाळीस वर्षांनी विमानाच्या हातात टोकन पडला म्हणायचा!

पण लिहिलेलं वाक्य चुकत नाही, हा भ्रम आहे. 'अमुक वाजता चढा' असा निरोप आला की डोळा धावतो तो उंचीच्या आकड्याकडे, आणि आधी लिहिलेली वेळ निसटते. विमान लगेच चढायला लागतं. बोलताना माणूस 'आत्ता नाही बरं का, बारा वाजता' असा जोर देऊ शकतो, पडद्यावरच्या अक्षरांना जोर नसतो. म्हणून असा निरोप देताना आधी 'आहे त्या उंचीवर राहा' हे जोडावं असा शहाणपणा अनुभवातून आला.

दुसरी चूक तर थेट तारेच्या जमान्यातली. सप्टेंबर २०१७ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या एका विमानाचा उपग्रह संपर्क तुटला आणि कंट्रोलरचा एक निरोप इरिडियमच्या जाळ्यातच अडकून राहिला. त्याच विमानाच्या पुढच्या फेरीत तो पोचता झाला. वैमानिकांना काय कळणार? हुकूम रीतसर आला होता, ते चढले. लग्नाची तार बारशाला पोचली तर हसण्यावारी जातं, हे तसं नाही. आता निरोपाचं वय तपासायची सोय विमानात असते.

आणि जोडणीच झाली नाही तर? १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकवर असताना वैमानिकांनी डकार केंद्राशी तीनदा लॉग-ऑनचा प्रयत्न केला. तिन्हीदा नकार, कारण डकारच्या संगणकात त्यांचा फ्लाइट प्लॅनच नव्हता. विमान पडलं त्याचं कारण हे नव्हे, ते वेगमापकाच्या नळ्यांत साचलेल्या बर्फापासून सुरू झालं. पण जोडणी असती तर विमान गप्प झाल्याचं कुणाच्या तरी लवकर लक्षात आलं असतं. गंमत अशी (गंमत शब्द बरा नाही इथे) की त्याच विमानानं शेवटच्या मिनिटांत एकार्सवरून बिघाडांचे चोवीस निरोप कंपनीच्या देखभाल विभागाला पाठवले होते. यंत्र यंत्राशी बोललं.

आपल्याकडच्या चरखी दादरीच्या अपघाताचा विषय इथे लोक हमखास काढतात. १२ नोव्हेंबर १९९६, सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन, ३४९ मृत्यू. कझाक विमानात इंग्रजी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता, मागे बसलेला, आणि विमान पंधरा हजार फुटांची मर्यादा सोडून खाली आलं. मजकूर असता तर टळलं असतं का? मला नाही वाटत. विमानतळाजवळ मिनिटामिनिटाला हुकूम बदलतात, तिथे बटणं दाबत बसायला वेळ नसतो, आणि तिथे आवाजच लागतो. त्या अपघातानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली, ते उपाय योग्यच होते.

दादाला मी एकदा विचारलं, तुला हे नवं आवडलं का? म्हणाला, "आवडलं म्हणजे? कान वाचले माझे." मग थोडं थांबून म्हणाला, "पण पूर्वी एकानं पुढे ढग आहे असं सांगितलं की मागचे चौघं ऐकायचे. कुणी न विचारता वाट वाकडी करायचे. आता ज्याचं त्याला."

ह्याला तिकडे पार्टी लाइन म्हणतात. एका फ्रिक्वेन्सीवरची सगळी विमानं एकमेकांचं ऐकतात, त्यातून प्रत्येकाच्या डोक्यात आजूबाजूचं चित्र तयार होतं. मजकूर मात्र बंद पाकिटासारखा जातो. त्यावर उपाय म्हणून समुद्रावर वैमानिक १२३.४५ ही आपसांतली फ्रिक्वेन्सी लावून ठेवतात, पण तिथे बोलणं ऐच्छिक. शिवाय आवाजात माणूस ओळखू येतो. सूर चढला, शब्द अडखळले, की दादा समोरच्यानं 'इमर्जन्सी' म्हणायच्या आधीच खुर्चीत सरसावून बसायचा. 'जमणार नाही' ह्या १ नंबरामागे वैमानिक निवांत आहे की घामाघूम, हे पडद्यावर कसं दिसणार?

उंब्रजच्या डोक्यावरून रात्री दिवे लुकलुकत जाणारी विमानं अजून मुख्यतः आवाजावरच चालतात, कारण जमिनीवर रडार आहे आणि व्हीएचएफ स्वच्छ. समुद्रावर मात्र एचएफ अजून बंद केलेला नाही. उपग्रह रुसला, जाळं पडलं, तर भज्यांची कढई पुन्हा चुलीवर. दादा निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या मुलाला पहिल्या रात्री काहीच ऐकू येईना. दादानं त्याला हेडफोन एका कानावरून थोडा सरकवायला सांगितलं. दोन्ही कान झाकले की नुसती खरखर ऐकू येते म्हणे, एक मोकळा ठेवला की तीत माणूस सापडतो.