विटणे, विरणे आणि सावनेरचा आल

कापडाचा रंग जाण्याला मराठीत एकच क्रियापद पुरत नाही. धुताना बादलीतले पाणी लाल झाले, तर रंग ‘जातो’. दोरीवरच्या लुगड्याची उन्हाकडची बाजू पांढुरकी पडली, तर तो ‘उडतो’. वापरून वापरून कापडाचे तेज गेले, की ते ‘विटते’. इंग्रजीतले ‘फेड’ या तिन्ही ठिकाणी चालते, आणि आता दुकानदारही ‘फेड होणार नाही’ अशीच हमी देतो. मराठीत फेड आधीपासून आहे, पण ती कर्जाची. इंग्रजी ‘फेड’ जुन्या फ्रेंचमधून आले. तिथे त्याचा अर्थ निस्तेज आणि बेचवही. ‘विटणे’ही डोळ्यांपुरते राहत नाही: लुगडे विटते तसे मनही विटते.

रंगाऱ्याच्या लेखी मात्र रंग दोनच, कच्चा आणि पक्का. नागपूर जिल्ह्यात पक्का लाल म्हणजे आलाचा. कोलार नदीकाठच्या सावनेरलाही रंगारी आलाने कापड रंगवीत. आल हे मोरिंडा कुळातले झाड, मराठीत बारतोंडी. त्याच्याच एका जातीच्या फळांचा रस हल्ली ‘नोनी’ म्हणून बाटल्यांतून विकला जातो. रंगाऱ्याला त्या फळाशी काही देणेघेणे नव्हते. त्याचा रंग मुळाच्या सालीत. आल शेतात पेरून साधारण तीन वर्षे वाढवीत आणि मग खोल खणून मुळे काढीत. बारीक मुळांना साल जास्त, म्हणून त्यांना भाव जास्त. जाड मूळ बहुतेक लाकूडच.

आल नुसता उकळून कापड लाल होत नसे. आधी खळ धुऊन काढायची, मग तेल आणि खार घातलेल्या पाण्यात कापड पुन्हा पुन्हा मळून उन्हात टाकायचे. त्यानंतर हिरड्याचे पाणी, मग तुरटी, आणि शेवटी मुळांच्या भुकटीबरोबर मंद आच. हिरडा तुरटीला धाग्यावर धरून ठेवतो आणि तुरटी रंगाला. तुरटीच्या जागी लोखंडाचे पाणी वापरले, तर लालाऐवजी काळपट जांभळा रंग चढतो. इतक्या खटाटोपातून निघालेला जाडाभरडा लाल खारवा व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना आणि गाद्यांना लागे. तो विरेपर्यंत विटत नसे.

विटला तो धंदा, आणि त्याचे कारण सावनेरपासून फार लांब घडले. 1868 साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी डांबरातल्या अँथ्रासीनपासून अलिझरीन तयार केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम पर्किनने त्याचे पेटंट घेतले. अलिझरीन हा खरे तर मंजिष्ठेच्या कुळातल्या युरोपीय मॅडरचा रंग. आलातले मोरिंडोन त्याचे जवळचे भावंड. बाजाराला हा भेद महत्त्वाचा नव्हता. तीन वर्षे शेत अडवणारे मूळ एकीकडे आणि डब्यातून येणारा तयार रंग दुसरीकडे, असा हा सामना होता. युरोपातली मॅडरची शेती काही वर्षांतच बसली. मध्य प्रांतातला आल एका दिवसात गेला नाही. आधी पेरा कमी झाला, मग रंगाऱ्याच्या भट्टीवर मुळांशेजारी डबा आला, आणि शेवटी नुसता डबाच राहिला.

शेतकऱ्याला याचा फारसा तोटा झाला नसावा, कारण तीच काळी जमीन कापसालाही हवी होती. नागपूरला 1867 मध्ये रेल्वे पोहोचली, 1877 मध्ये एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. सावनेर कापसाची बाजारपेठ म्हणून वाढले आणि तिथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. कोष्ट्याच्या मागावरचे कापड मागे पडले, तसे रंगाऱ्याचे गिऱ्हाईकही आटले.

अँथ्रासीन ज्या डांबरातून निघाले, ते दगडी कोळशाचे. सावनेरच्या जमिनीखालीही कोळसा आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या भूमिगत खाणी तिथे आहेत. तो कोळसा मात्र रंगासाठी नव्हे, जाळण्यासाठी जातो. बारतोंडीची झाडे विदर्भात अजून दिसतात, त्यांची मुळे कोणी खणत नाही. रंगारी हे आडनाव मात्र विदर्भात अजून सर्रास ऐकू येते.