लाहोरची शाळा आणि आमच्या गावची पेटी

गाणे शिकावयाचे तर गुरूच्या घरी राहावे, पाणी भरावे, चिलीम भरावी, त्याची मर्जी सांभाळावी आणि तो प्रसन्न होईल त्या दिवशी जे कानी पडेल ते गाठीस बांधावे, ही आपल्या देशातील शेकडो वर्षांची रीत. आज मारेगावसारख्या तालुक्याच्या गावातील एखादी मुलगी परीक्षेचा फॉर्म भरते, फी देते आणि नेमल्या दिवशी परीक्षकापुढे बसून भूप गाते. तिला यात नवल वाटत नाही. आम्हांस मात्र वाटते. कारण हा बदल आपोआप झालेला नाही. तो कोणी घडविला आणि त्याला काय किंमत पडली, हे आजच्या व्याख्यानात पाहावयाचे आहे.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. लहानपणी दारूकामाच्या अपघातात मुलाचे डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायनाचे शिक्षण सुरू झाले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविणारे ते हेच बाळकृष्णबुवा. तालीम कडक होती आणि मिरज संस्थानचा आश्रयही होता, म्हणजे पोटापाण्याची ददात नव्हती. तरी १८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली.

का सोडली, याविषयी चरित्रकार एक प्रसंग सांगतात. गावातील एका समारंभाचे बोलावणे शिष्याला आले, गुरूला आले नाही. चौकशी करता कळले की, शिष्यावर संस्थानिकांची मर्जी आहे म्हणून त्याला बोलावले. बाळकृष्णबुवा काय, ते तर गवई! ज्या कलेपुढे राजे माना डोलावीत, त्या कलेचा धनी चार प्रतिष्ठितांच्या पंक्तीला बसण्यास योग्य नाही, हा त्या काळाचा न्याय. हा सल नीट ध्यानात घेतला पाहिजे, असे आम्हांस वाटते. संगीताच्या शाळेचा उगम केवळ शिक्षणाच्या हौसेत नाही, तो या अपमानात आहे.

बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत बुवा पंजाबात पोहोचले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण दिवाणखान्यातल्या एका धन्याऐवजी चार आणे देणारे शंभर धनी शोधण्याचा तो प्रयत्न होता. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, तेही एका राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर. बडोद्यास मौलाबक्षांची शाळा १८८६ पासून होती, पण तिच्यामागे गायकवाड सरकार उभे होते. लोकाश्रयावर उभी राहिलेली शाळा हे लाहोरचे वेगळेपण.

या शाळेत वर्ग होते, वेळापत्रक होते, पाठ्यपुस्तके होती. पुस्तके छापण्यासाठी स्वतःचा छापखाना होता. ‘संगीतामृतप्रवाह’ नावाचे मासिकही निघे. स्त्रियांच्या शिक्षणाची सोय होती, आणि ‘गाणारी बाई’ या शब्दाला त्या काळी जो वास होता तो आठवला म्हणजे हे धाडस केवढे ते कळेल. त्यासाठी बुवांनी चिजांचे शब्दही बदलले. शृंगाराच्या जागी भक्तिपदे घातली. काही जाणकारांना हे रुचले नाही, आणि काही बंदिशींचा रस यात उणा झाला हे आम्हीही मान्य करू. पण घरंदाज मुलीच्या हाती तंबोरा द्यावयाचा तर त्या काळी दुसरा मार्ग कोणता होता?

आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट उपदेशक वर्ग. निवडक विद्यार्थ्यांना राहणे, जेवण, शिक्षण विनामूल्य. त्यांनी करार करावयाचा की, ठरलेली वर्षे येथे राहू आणि मग शिकविण्याचे काम करू. गवई निपजविणे हा गौण हेतू, शिक्षक निपजविणे हा मुख्य. आपण तानसेन नव्हे, कानसेन घडवू, असे बुवा म्हणत, असे सांगतात.

१९०८ साली मुंबईस विद्यालय आले आणि वाढले. पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची टोलेजंग इमारत कर्ज काढून बांधली. बुवा दौऱ्यावर, मैफलींचा पैसा व्याजात. शेवटी १९२४ च्या सुमारास इमारत सावकारांच्या घशात गेली आणि विद्यालय बंद पडले. बुवा नाशिकला रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले.

इमारत गेली, पण माणसे राहिली. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. १९३२ साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यास विद्यालय काढले. देवधरांची शाळा मुंबईस त्याआधीच चालू होती. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची शिडी मंडळाने गावोगाव लावली.

आमच्या भागाशी याचा धागा आणखी एका वाटेने जुळतो. बुवांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे १९१८ साली साबरमतीस गांधीजींच्या आश्रमात गेले. आश्रमाची भजनावली त्यांनी सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गात चालले. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामास आले, तेव्हा साबरमतीच्या प्रार्थनेची ती रीतही विदर्भात आली. तुकडोजी महाराजांची खंजिरी मात्र निराळ्याच मातीतली. तिच्याजवळ कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते, आणि तरीही वऱ्हाडातली खेडीच्या खेडी तिच्या तालावर डोलली. शाळेचा इतिहास सांगताना हे विसरू नये.

दुसरा प्रवाह पंडित भातखंडे यांचा. त्यांच्या प्रेरणेने १९१६ साली बडोद्यास संगीत परिषद भरली आणि १९२६ साली लखनौला मॉरिस कॉलेज निघाले. त्याच पद्धतीने शिकविणारे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय खैरागडच्या राजा-राणीने आपला राजवाडा देऊन उभे केले. दिवस होता १४ ऑक्टोबर १९५६. त्याच दिवशी नागपूरला बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तेव्हा खैरागड आणि आपला यवतमाळ जिल्हा एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. पुढे अवघ्या अठरा दिवसांत राज्यपुनर्रचना झाली, आपण मुंबई राज्यात आलो आणि हे विश्वविद्यालय पलीकडे राहिले.

असो. आता आमचे गाऱ्हाणे. परीक्षा खेड्यांपर्यंत आली. उपदेशक आला नाही. लाहोरला या दोन गोष्टी एकत्र जन्मल्या होत्या, किंबहुना उपदेशक आधी आणि परीक्षा मागाहून. आज रागाची वादी-संवादी धडाधड सांगणारा विद्यार्थी तोच राग दुसऱ्याने गाइला तर ओळखत नाही, हे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. दोष मुलांचा नाही. भजनी मंडळाची पेटी गावात असते, पेटीवर बोट ठेवणारा हौशी गृहस्थ असतो. पण रोज तासभर समोर बसवून स्वर घोटून घेणारा माणूस तालुक्यात असतोच असे नाही.

एका परीक्षेच्या वेळी आम्ही सहज जाऊन बसलो होतो. एक चुणचुणीत मुलगी भूप गात होती. प्रत्येक वेळी धैवतापाशी आली की, ती एकदम तारसप्तकात उडी घेई, आवाज फाटे, आणि ती शरमून थांबे. मागाहून तिचे पुस्तक पाहिले. ते पलुस्कर पद्धतीचे होते. त्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा टिंब मंद्राची खूण. भातखंडे पद्धतीत तोच टिंब तारसप्तकाची. मुलीने टिंबाचा अर्थ दुसऱ्या एका पुस्तकातून शिकून घेतला होता. खालचा धैवत ती वर्षभर वर शोधत राहिली. टिंब कोणत्या पद्धतीचा, एवढे सांगावयास जवळ कोणी नव्हते.