परदेशात पोलिसांनी हात उचलला तर दाद कुठे मागायची?

बेळगाव : मुलगा अमेरिकेत, सूनही नोकरीला, घरात तान्हं बाळ. मग सहा महिन्यांसाठी आई-वडिलांना बोलावणं येतं. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून म्हापसा-मडगावपर्यंत असं घर आता प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतंच. जाताना रक्तदाबाच्या गोळ्या, लोणचं, मेतकूट, सगळं आठवणीनं बॅगेत जातं. तिथल्या पोलिसाने रस्त्यात अडवलं तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि अडवण्यापलीकडे प्रकार गेला तर तक्रार कुणाकडे, किती दिवसांत, खर्च कुणाचा, याची माहिती तर शिकलेल्या मुलांनाही नसते.

या बाबतीत एक प्रकरण सविस्तर समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मॅडिसन या गावी ते घडलं. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील पीज गावचे पटेल नावाचे ५७ वर्षांचे गृहस्थ नातवाला सांभाळायला मुलाकडे नुकतेच गेले होते. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी ते घराजवळच्या पदपथावर फिरत होते. आपल्याकडे जसं कुणीही सकाळी चक्कर मारतं तसंच. शेजारच्या एकाला अनोळखी माणूस संशयास्पद वाटला आणि त्याने पोलिसांना फोन केला. पोलीस आले. पटेलांना इंग्रजी येत नव्हतं. ‘नो इंग्लिश’, ‘इंडिया’ असं सांगत त्यांनी मुलाच्या घराकडे बोट दाखवलं. थोड्याच वेळात एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरून त्यांना जमिनीवर आपटलं. मानेच्या मणक्याला मार बसला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि शरीर अंशतः लुळं पडलं. हे सगळं पोलीस गाडीच्या कॅमेऱ्यात चित्रित झालं होतं.

पहिल्या आठवड्यात काय झालं

पुढचे सहा दिवस महत्त्वाचे. कुटुंबाने वकील गाठला आणि १२ फेब्रुवारीला, म्हणजे घटनेनंतर सहाव्या दिवशी, संघराज्य न्यायालयात नुकसानभरपाईचा दिवाणी दावा दाखल झाला. त्याच दिवशी तिथल्या पोलीसप्रमुखांनी चित्रफीत जाहीर केली, कुटुंबाची माफी मागितली आणि संबंधित पोलिसाला बडतर्फ करण्याची शिफारस केली. अटलांटा येथील भारतीय वाणिज्य दूतावासाचे अधिकारी संपर्कात राहिले. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाने विषय अमेरिकी सरकारकडे नेला. अलाबामाच्या राज्यपालांनी वाणिज्यदूतांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. दवाखान्याचं बिल अमेरिकेत किती होतं हे सांगायला नको. त्यासाठी लोकवर्गणीतून दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली.

इथवर वाचलं की वाटतं, झालं, न्याय मिळाला. खरी गोष्ट इथून सुरू होते.

फौजदारीत निर्दोष, दिवाणीत भरपाई

नागरी हक्कांचा भंग केल्याचा फौजदारी खटला त्या पोलिसावर चालला. २०१५ मध्येच दोनदा सुनावणी झाली आणि दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही. जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. राज्याने लावलेला मारहाणीचा किरकोळ गुन्हाही त्याच वर्षी मे महिन्यात मागे घेतला गेला. तो पोलीस पुन्हा नोकरीवर रुजूही झाला. चित्रफीत आहे, प्रमुखांनी माफी मागितली आहे, तरी शिक्षा नाही. कारण फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो आणि पटेलांनी हात ओढून घेतला की नाही यावर दोन्ही बाजू शेवटपर्यंत अडून राहिल्या.

दिवाणी दावा मात्र चालू राहिला. अमेरिकेत १८७१ पासूनचा एक कायदा आहे, वकील मंडळी त्याला ‘सेक्शन १९८३’ म्हणतात. सरकारी अधिकाऱ्याने अधिकार वापरताना एखाद्याचे घटनात्मक हक्क मोडले तर त्याच्यावर व्यक्तिशः दावा लावता येतो. हा हक्क फक्त अमेरिकी नागरिकांपुरता नाही, व्हिसावर आलेल्या पाहुण्यालाही आहे. पण पोलिसाच्या हातात एक ढाल असते. ‘माझं वागणं बेकायदा आहे हे त्या वेळच्या कायद्याने स्पष्ट ठरलेलं नव्हतं’, असं तो म्हणू शकतो, आणि ते न्यायालयाने मानलं तर दावा सुरुवातीलाच निकाली निघतो. बरेच दावे याच पायरीवर पडतात. पटेल प्रकरणात ही ढाल चालली नाही. प्रतिकार न करणाऱ्या माणसाला असं आपटणं हे बळाचा अतिरेक ठरतं, हे आधीपासून स्पष्ट होतं आणि प्रतिकार झाला की नाही हे ज्यूरीने ठरवायचं, असं अपील न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. दावा ज्यूरीसमोर जाणार म्हटल्यावर तडजोडीची भाषा सुरू झाली. २०२१ मध्ये १७ लाख ५० हजार डॉलरवर प्रकरण मिटलं. त्या वेळच्या दराने ही रक्कम बारा-तेरा कोटी रुपयांच्या घरात जाते.

आकडा मोठा दिसतो. पण हिशेब मांडायचा तर सहा वर्षं गेली, त्यातून वकिलांची फी गेली आणि आयुष्यभराचं अपंगत्व जमेला धरायचं. अमेरिकेत असे वकील बहुधा आधी पैसे घेत नाहीत. भरपाई मिळाली तर त्यातला साधारण एक तृतीयांश किंवा अधिक वाटा घेतात. गरिबालाही दावा लढता येतो तो यामुळेच. करार मात्र लेखी वाचून सही करावी.

मुदत चुकली की सगळं गेलं

आपल्याकडच्या लोकांची सर्वांत मोठी चूक इथे होते. ‘आधी बरं होऊ दे, मग बघू’, किंवा ‘व्हिसाला अडचण नको’ म्हणून गप्प बसतात आणि मुदत निघून जाते. अमेरिकेत मुदत राज्यागणिक बदलते. अलाबामात सेक्शन १९८३ च्या दाव्याला दोन वर्षं मिळतात. राज्याच्या कायद्याखाली दावा करायचा तर त्याआधी सरकारी संस्थेला नोटीस द्यावी लागते. न्यूयॉर्क शहरात ती ९० दिवसांत, कॅलिफोर्नियात दुखापतीच्या बाबतीत सहा महिन्यांत.

ब्रिटनची पद्धत वेगळी. तिथे तक्रार आधी त्याच पोलीस दलाच्या तक्रार विभागाकडे जाते. गंभीर प्रकरणं ‘आयओपीसी’ या स्वतंत्र संस्थेकडे पाठवली जातात. इंग्लंड आणि वेल्ससाठी ती २०१८ पासून काम करते. घटना घडून १२ महिन्यांच्या आत तक्रार केलेली बरी, उशीर झाला तर कारण विचारलं जातं. मानवी हक्क कायद्याखालच्या दाव्यालाही एक वर्षाचीच मुदत आहे. तक्रारीतून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, पैसे हवे असतील तर दिवाणी दावा वेगळा. या दोन्हींची गल्लत फार लोक करतात.

भारतात परतल्यावर इथल्या कोर्टात केस टाकू, असंही काही जण म्हणतात. ते जवळपास अशक्य आहे. परकीय सरकारवर दावा लावायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ नुसार केंद्र सरकारची संमती लागते. जिथे घडलं तिथेच लढावं लागतं; मात्र वकील नेमून बरंचसं काम इथूनही चालवता येतं.

दूतावास काय करतो, काय करत नाही

परदेशात अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवा असं सांगण्याचा हक्क व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने दिला आहे. हा हक्क आहे हे पोलिसांनी स्वतःहून, विलंब न लावता सांगायचं असतं. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला दोषी धरलं ते याच कलमावरून. त्यामुळे एक वाक्य पाठ असावं : ‘मी भारतीय आहे, माझ्या दूतावासाला कळवा.’ म्हाताऱ्या माणसांच्या खिशात ते इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, मुलाचा पत्ता आणि फोन नंबर असला तर उत्तम.

दूतावासाचा माणूस भेटायला येतो, वकिलांची यादी देतो, घरच्यांना कळवतो, वरच्या पातळीवर पाठपुरावा करतो. तो तुमचा वकील होत नाही, कोर्टात हस्तक्षेप करत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नातेवाइकांना इथूनही तक्रार नोंदवता येते, नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो जपून ठेवायचा असतो. परिस्थिती खरंच हलाखीची असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून सुरुवातीच्या कायदेशीर मदतीसाठी अर्ज करता येतो. तो निधी दूतावासाकडेच असतो.

गोव्यातल्या वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडनला किंवा लंडनला गेलेली माणसं कायद्याने भारतीय नागरिक राहत नाहीत, कारण नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मुळे दुसरं नागरिकत्व घेताच भारताचं संपतं. त्यांच्यासाठी धावून येण्याची जबाबदारी पोर्तुगालच्या वाणिज्य दूतावासाची. ओसीआय कार्ड असलं तरी यात फरक पडत नाही. अडचणीच्या रात्री चुकीच्या दारात उभं राहून वेळ घालवलेली कुटुंबं आहेत.

पुरावा

जखमांचे फोटो त्याच दिवशी काढावेत, दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढावेत, कारण काळंनिळं नंतर उमटतं. दवाखान्यात ‘पडलो’ असं सांगू नये. कसं लागलं ते डॉक्टरांना सरळ सांगावं, केसपेपरवर तेच लिहिलं जातं. पोलिसाचा बिल्ला क्रमांक, गाडीचा नंबर, वेळ, जागा कागदावर उतरवून ठेवावी. कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा असं लेखी पत्र वकिलामार्फत लगेच पाठवावं, कारण ठरावीक दिवसांनंतर ते पुसलं जाऊ शकतं. दुकानातल्या सीसीटीव्हीचं तर फार लवकर पुसतं. आणि जागेवर वाद घालू नये, हात झटकू नये. पटेलांच्या खटल्यात सहा वर्षं खल चालला तो याच एका मुद्द्यावर, की त्यांनी हात ओढला का.