बाटलीतून नळापर्यंत: खाऱ्या टाकीच्या पाण्याचा इतिहास
घरात समुद्री जीव पाळण्याचा छंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये रुजला आणि त्याची पहिली अडचण पाण्याचीच होती. १८४६ मध्ये ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. शहरात समुद्राचे पाणी सहज मिळत नव्हते. आणलेले पाणीच टिकवणे भाग होते. म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. त्यामुळे पाण्यात हवा मिसळे आणि प्रवाळ तगून राही. या छंदाच्या इतिहासात त्या अनाम बाईचे नाव थिन यांच्या बरोबरीने यायला हवे होते. पुढच्या वर्षी टाकीत समुद्री वनस्पती आल्या आणि प्राणवायूचे बरेच काम त्यांच्याकडे गेले.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि समुद्रजलाची मागणी वाढली. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये ते पाणी घरीच तयार करून दाखवले. इंग्लिश खाडीच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण त्यांनी आधाराला घेतले: साधे मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन, पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन आणि चार क्वार्टांहून थोडे कमी पाणी. अत्यल्प प्रमाणातले बाकीचे घटक त्यांनी सोडून दिले. त्यांची खरी दूरदृष्टी मात्र सबुरीत दिसते. आधी फक्त शेवाळे ठेवायची, प्राणी नंतर सोडायचे. या सबुरीमागचे कारण मात्र नंतर उमगले: नव्या टाकीत साचणाऱ्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी वेगळे काढून दाखवले ते १८९० च्या सुमारास.

१८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम आल्फोर्ड लॉइड यांनी दर्शनी टाक्यांच्या कितीतरी पट मोठा साठा खाली अंधारात ठेवला आणि तेच पाणी अखंड फिरवत ठेवले. धातूचा अंश समुद्री जिवांना मारतो, हे ओळखून त्यांनी नळ-पंपांसाठी कडक रबर वापरले.

विसाव्या शतकात तयार क्षारमिश्रणे बाजारात आली आणि शंकेचे बोट ती ज्यात विरघळवायची त्या नळाच्या पाण्याकडे वळले. १९०८ पासून जर्सी सिटीत पिण्याच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन मिसळू लागले. ही पद्धत जगभर पसरली आणि असंख्य माणसांचे प्राण वाचले. माशांना मात्र ते पाणी विषच. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी वापरले जाणारे क्लोरामाइन तर मोडल्यावर अमोनिया मागे ठेवते. तांब्याच्या नळातून उतरलेला अंश कोळंबी-प्रवाळांना सोसत नाही. फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळ पोसतात. टाकीतून वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. त्याची भर नळाच्या पाण्याने घातली, की ही अशुद्धी दर खेपेला साठत जाते.

१९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लोब आणि सौरिराजन यांनी समुद्रजल गोडे करण्यासाठी रिव्हर्स ऑस्मोसिसचा (आरओ), म्हणजे दाबाने पाणी पलीकडे नेऊन क्षार मागे ठेवणारा, कामाचा पडदा घडवला. गोडे पाणी मिळवण्याची ही युक्ती पुढे कृत्रिम समुद्र बनवणाऱ्यांच्याही हाती आली. नळाचे पाणी आधी गाळणीतून, मग कार्बनमधून जाते, कारण क्लोरीनने पडदा खराब होतो. त्यानंतर पडदा आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारे रेझिन. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसले, की त्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळवतात.